टाच दुखली, छाती फुगली

१९४६ चा उन्हाळा अमेरिकेला भलताच फळला. १४ जूनला डोनाल्ड ट्रम्प जन्मले, ६ जुलैला धाकटे जॉर्ज बुश, १९ ऑगस्टला बिल क्लिंटन. जेमतेम सव्वादोन महिन्यांत तीन राष्ट्राध्यक्ष. तिघे वयात आले तेव्हा व्हिएतनाम युद्ध ऐन भरात होतं, सक्तीची सैन्यभरती चालू होती आणि धडधाकट पोरं कमी पडत होती. तरी या तिघांपैकी एकही तिथवर पोचला नाही. जो बायडन त्यांच्याहून चार वर्षांनी मोठे. शाळेत फुटबॉल खेळणाऱ्या बायडन यांना आधी कॉलेजने आणि मग १९६८ मध्ये दम्याने तारलं. पुढे चौघेही व्हिएतनामला गेलेच म्हणा. एअर फोर्स वनमधून, लाल गालिच्यावरून, सलामी घेत.

जे वेळेवर गेले त्यांचं काय झालं? अल गोर २००० मध्ये हरले, जॉन केरी २००४ मध्ये, जॉन मॅकेन २००८ मध्ये. गणवेश चढवून व्हिएतनामला गेलेला एकही माणूस आजवर व्हाइट हाउसमध्ये राहायला गेलेला नाही. व्हाइट हाउसपासून चालत जाण्याच्या अंतरावर काळ्या ग्रॅनाइटची एक भिंत आहे. तिच्यावर ५८ हजारांहून जास्त नावं आहेत. गेलेल्यांची सोय देशाने तिथे केली.

आता प्रश्न असा, की भरती चुकवणाऱ्यांकडे माजी सैनिक कोणत्या नजरेने बघतात? तुच्छतेने, आणखी कशाने, असं आपण पटकन म्हणून टाकतो. पण लढून आलेली माणसं इतकी भाबडी नसतात. त्यांच्या मनात पळपुट्यांची रीतसर प्रतवारी असते आणि ती पाहण्यासारखी आहे.

अव्वल प्रत तोंडावर नाही म्हणणाऱ्याची. २८ एप्रिल १९६७, ह्यूस्टनचं भरती केंद्र. रिवाज साधा होता. नाव पुकारलं की एक पाऊल पुढे टाकायचं, झालात सैनिक. मुष्टियोद्धा मुहम्मद अलीच्या जुन्या नावाचा पुकारा झाला. तो हलला नाही. पुन्हा पुकारा, पुन्हा तेच. जगज्जेतेपद काढून घेतलं गेलं, पाच वर्षांची कैद आणि दहा हजार डॉलर दंड सुनावला गेला. अपील चालू असल्याने तुरुंग टळला, पण ऐन उमेदीतली साडेतीन वर्षं रिंगणाबाहेर गेली. १९७१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ८ विरुद्ध ० मतांनी शिक्षा रद्द केली. ज्यांनी तेव्हा अलीच्या नावाने बोटं मोडली, त्यांच्यातल्या कितीतरी जणांनी पुढे त्याला मनातल्या मनात माफ करून टाकलं. कारण त्याने किंमत मोजली होती, आणि तीही सगळ्यांच्या देखत. २००५ मध्ये देशाचा सर्वोच्च नागरी सन्मान त्याच्या गळ्यात पडला. घालणारे हात कुणाचे, तर राष्ट्राध्यक्ष बुश यांचे. नाही म्हणून सर्वस्व घालवलेल्याला पदक दिलं, ते हो म्हणून टेक्सासातच राहिलेल्याने.

याच प्रतीत, किंबहुना हिच्याही वर, बंदूक न धरता गेलेले लोक येतात. थॉमस बेनेट हा धर्मश्रद्धेमुळे शस्त्र नाकारणारा तरुण. वैद्यकीय मदतनीस म्हणून व्हिएतनामला गेला आणि फेब्रुवारी १९६९ मध्ये जखमींपर्यंत पोचता पोचता मारला गेला. मरणोत्तर मेडल ऑफ ऑनर मिळालं. अशा माणसाला भित्रा म्हणण्याची छाती कुठल्याच माजी सैनिकाला होत नाही.

दुसरी प्रत कॅनडावाल्यांची. सरहद्द ओलांडून टोरांटो, व्हँकुव्हर गाठणारी हजारो पोरं. यांच्यावरचा राग सगळ्यांत मोठ्या आवाजातला. ऑगस्ट १९७६ मध्ये राष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार जिमी कार्टर सिअॅटलला अमेरिकन लीजन या माजी सैनिकांच्या संघटनेच्या अधिवेशनात गेले आणि भरती चुकवणाऱ्यांना आपण माफी देणार, असं तिथेच सांगून बसले. सभागृहाने हुर्यो उडवली. कार्टर स्वतः नौदलाचे अधिकारी, पाणबुडीवर काम केलेले. माफ करायला निघालेला माणूस गणवेशातलाच होता, पण ऐकतो कोण. २१ जानेवारी १९७७, कारभाराचा पहिला पूर्ण दिवस, आणि माफीनाम्यावर सही झाली.

तरी राग धुमसतच राहिला. २००४ मध्ये ब्रिटिश कोलंबियातल्या नेल्सन या टुमदार गावात काही जणांनी या पळून आलेल्या अमेरिकनांचा गौरव करणारं शिल्प उभारायचं ठरवलं. सरहद्दीपलीकडच्या माजी सैनिक संघटनेने असा काही गदारोळ केला, की नगरपालिकेने अंग काढून घेतलं. लढाई थांबून तीन दशकं उलटली होती आणि मामला एका पुतळ्याचा होता. याच युद्धासाठी हजारो कॅनेडियन तरुण उलट दिशेने सरहद्द ओलांडून अमेरिकी सैन्यात दाखल झाले होते. त्यांची आठवण या गदारोळात कुणाला झाली नाही.

आता जरा आकडे बघू. युद्धकाळात भरतीच्या वयात आलेले अमेरिकन तरुण सुमारे २ कोटी ६८ लाख. सक्तीने भरती झालेले सुमारे २२ लाख. गणवेश अंगाला लागलाच नाही असे तब्बल १ कोटी ६० लाख. भरतीचा कायदा मोडल्याचा ठपका आलेले सुमारे २ लाख १० हजार, शिक्षा झालेले ८,७५० आणि प्रत्यक्ष तुरुंगात गेलेले ३,२५०. म्हणजे कायदा मोडून सुटलेला एखादा असेल, तर त्याच्यामागे कायदा पाळून सुटलेल्यांची फौज उभी होती. शिव्या मात्र कॅनडाच्या बसमध्ये बसलेल्यांनी खाल्ल्या. हॉर्वर्डच्या वाचनालयात बसलेल्यांना कुणी हटकलं नाही.

कॉलेजात नाव असेपर्यंत भरती पुढे ढकलली जाई. यालाच डिफरमेंट म्हणत. फी भरणारा बाप असला की पोरगा सुरक्षित. फी नसेल तर पोरगा भरतीचं गिऱ्हाईक. १९६६ मध्ये संरक्षणमंत्री रॉबर्ट मॅक्नमारा यांनी त्यावर कडी केली. चाचणीत नापास होणाऱ्यांसाठी भरतीची पातळीच खाली आणली आणि तीन लाखांहून जास्त तरुण त्या दाराने आत घेतले. यातून गरिबांचा उद्धार होईल असं सांगण्यात आलं. गरिबाचा उद्धार करायचा ठरला की त्याच्या हातात बंदूक लवकर येते, पुस्तक उशिरा.

तिसरी प्रत, डॉक्टरी सर्टिफिकेटवाले, कशी तयार होत असे, हे जेम्स फॅलोज या पत्रकाराने १९७५ मध्ये वॉशिंग्टन मंथलीत लिहून ठेवलं आहे. हा गडी स्वतः त्यातला. हॉर्वर्डचा विद्यार्थी, उंची सहा फूट एक इंच. शारीरिक तपासणीआधी उपाशी राहून वजन १२० पौंडांवर, म्हणजे चोपन्न किलोवर आणलेलं. बॉस्टनच्या नौदल गोदीत तपासणी. हॉर्वर्डची पोरं हातात डॉक्टरांची, मानसोपचारतज्ज्ञांची पत्रं घेऊन आलेली. फॅलोजने डॉक्टरला सुचवलं, की हल्ली मनात आत्महत्येचे विचार येतात. डॉक्टरने एकवार त्याच्याकडे पाहिलं आणि अपात्र असा शेरा मारला. तेवढ्यात चेल्सी या कामगार वस्तीतल्या पोरांची तुकडी आली. यांच्या हातात पत्रं नव्हती. असं पत्र आणायचं असतं, हेच त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं. हॉर्वर्डवाले बहुतेक सुटले, चेल्सीवाले बहुतेक अडकले.

फॅलोजचा लेख वाचून माजी सैनिकांना आनंद झाला असेल की संताप, कोण जाणे. पण त्यांच्या तोंडचं आरोपपत्र आरोपीनेच सही करून दिलं होतं, एवढं खरं. पुढे हे महाशय कार्टर यांचे मुख्य भाषणलेखक झाले. माफीनाम्याला याहून लायक लेखणी मिळाली नसती.

ही लबाडी युद्ध चालू असतानाच फार उघडी पडू लागली होती, तेव्हा सरकारने दैवाला कामाला लावलं. १ डिसेंबर १९६९ रोजी टीव्ही कॅमेऱ्यांसमोर काचेच्या भांड्यातून निळ्या प्लास्टिकच्या कुप्या उचलण्यात आल्या. कुप्या ३६६, एकेकीत वर्षातली एकेक तारीख. पहिली निघाली १४ सप्टेंबर. आपल्याकडे म्हाडाच्या सोडतीत नंबर लागावा म्हणून लोक सिद्धिविनायकाला जातात. तिकडे त्या रात्री घराघरांत उलटा धावा चालू होता, देवा, माझा नंबर लावू नकोस. आणि सरकारी सोडतीत सरकारी गुण उतरलेच. कुप्या नीट ढवळल्याच गेल्या नव्हत्या. वर्षअखेरीच्या महिन्यांतल्या तारखा आधीच्या क्रमांकांत जास्त निघाल्या. डिसेंबरात जन्मलेली पोरं ढवळणाऱ्याच्या आळसापायी युद्धाच्या जास्त जवळ गेली.

या सोडतीत बिल क्लिंटन यांचा क्रमांक आला ३११. म्हणजे जिवाला घोर नाही. त्याआधी अर्कान्सा विद्यापीठातल्या राखीव अधिकारी प्रशिक्षणाला येतो, असं सांगून त्यांनी भरती पुढे ढकलून घेतली होती. सोडतीनंतर दोनच दिवसांनी, ३ डिसेंबरला, त्या प्रशिक्षणाच्या प्रमुख कर्नलना ऑक्सफर्डहून सविस्तर पत्र गेलं. तुम्ही मला भरतीपासून वाचवलंत याबद्दल आभार, अशा आशयाचं. १९९२ च्या निवडणुकीत ते पत्र बाहेर आलं. सज्जन माणूस आभार मानायला विसरत नाही आणि हुशार माणूस लेखी आभार मानत नाही. क्लिंटन त्या दिवशी सज्जन होते.

चौथी प्रत वशिल्याच्या तट्टांची. नॅशनल गार्ड म्हणजे गणवेश मिळे, पगार मिळे, सॅल्यूट मिळे आणि बहुतेकांना व्हिएतनाम मिळत नसे. साहजिकच प्रतीक्षा यादी लांबलचक. धाकटे बुश मे १९६८ मध्ये टेक्सासच्या हवाई गार्डमध्ये दाखल झाले, तेव्हा वडील काँग्रेसचे सदस्य होते. त्याच तुकडीत गव्हर्नर कॉनली यांचे चिरंजीव होते, पुढे सिनेटर झालेल्या बेंट्सन यांचे होते आणि डॅलसच्या फुटबॉल संघातले खेळाडूही होते. लोकांनी तिचं नावच शँपेन युनिट ठेवलं. एफ-१०२ हे विमान उडवणं येरागबाळ्याचं काम नव्हतं, हे मान्य. पण टेक्सासच्या आकाशात व्हिएतकाँग फारसे फिरकत नसत, हेही मान्य करायला हरकत नाही.

कॉलिन पॉवेल व्हिएतनामला दोनदा जाऊन आले. बड्यांच्या आणि सत्ताधाऱ्यांच्या पोरांनी, नामांकित खेळाडूंनी गार्डमध्ये जागा अडवल्या, याची चीड त्यांनी १९९५ च्या आत्मचरित्रात स्वच्छ शब्दांत नोंदवली आहे. हा उघडउघड वर्गभेद होता, असं ते लिहितात. मग २००१ मध्ये ते परराष्ट्रमंत्री झाले. साहेब कोण, बुश. उपराष्ट्राध्यक्ष कोण, डिक चेनी, पाच डिफरमेंटचे धनी. सैनिकाला हुकूम पाळायची सवय असते. हुकूम देणाऱ्याने कुठे काय पाळलं, हे आत्मचरित्रात लिहायचं असतं.

चेनींनी आपल्याला निराळं काही वाटून घ्यायचं कारणच ठेवलं नाही. साठच्या दशकात मला सैनिकी सेवेपेक्षा वेगळी कामं महत्त्वाची वाटत होती, असं त्यांनी १९८९ मध्ये सांगून टाकलं. महत्त्वाची कामं त्या ५८ हजारांनाही असतीलच. आणि इथून पाचवी प्रत सुरू होते. इथे माजी सैनिकांच्या कपाळाची शीर खरी तडकते. आयजीच्या जिवावर बायजी उदार. आपण गेलो नाही, पण दुसऱ्याच्या पोराला पाठवण्यात पुढे. चेल्सीतला पोरगा पळाला असता तर त्याच्याशी एका बाकावर बसून कॉफी पिता आली असती. हे मात्र व्यासपीठावरून टाळ्या मागतात.

मॅक्स क्लीलंड यांचं काय झालं बघा. एप्रिल १९६८ मध्ये खे सान्हजवळ हातबॉम्ब फुटून दोन्ही पाय आणि उजवा हात गेला. पुढे ते जॉर्जियाचे सिनेटर झाले. २००२ च्या निवडणुकीत प्रतिस्पर्धी सॅक्सबी चॅम्ब्लिस. त्यांना व्हिएतनामच्या वेळी विद्यार्थी म्हणून सवलत होती आणि मग गुडघाही अधू होता. चॅम्ब्लिस यांच्या जाहिरातीत ओसामा बिन लादेन, सद्दाम हुसेन आणि क्लीलंड यांचे चेहरे एकापाठोपाठ झळकले. देशाच्या सुरक्षेबाबत क्लीलंड कच्चे, असा त्याचा मथितार्थ. मॅकेन आणि चक हेगल हे चॅम्ब्लिस यांच्याच पक्षातले, पण व्हिएतनाम भोगलेले. दोघे संतापले. जॉर्जियाची जनता संतापली नाही. दुखऱ्या गुडघ्याने तीन अवयव गमावलेल्याला चीत केलं.

आणि टाच. चार शैक्षणिक डिफरमेंट वापरून झाल्यावर १९६८ मध्ये ट्रम्प यांच्या टाचेत हाड वाढल्याचं निदान झालं. कुठल्या पायाच्या, असं २०१५ मध्ये पत्रकारांनी विचारलं तर आठवेना. मग प्रचार कार्यालयाने खुलासा केला, दोन्ही. त्याच आठवड्यात, त्याच गृहस्थांनी मॅकेन यांच्या शौर्यावर शंका घेतली. शत्रूच्या हाती न सापडलेले लोक आपल्याला जास्त आवडतात, असं ते म्हणाले. मॅकेन यांचं विमान १९६७ मध्ये हनोईवर पडलं. साडेपाच वर्षं कैद, छळ, आणि आधी सुटण्याची संधी चालून आली तरी सोबत्यांना सोडून जायला नकार. २०१७ मध्ये मॅकेन यांनी नाव न घेता उत्तर दिलं. सर्वांत गरीब अमेरिकनांची भरती झाली आणि सर्वांत श्रीमंतांना हाड वाढल्याचं सांगणारा डॉक्टर मिळाला, हे आपण कधीच मान्य करणार नाही, असं.

इथवर हिशेब चोख आहे. किंमत मोजली त्याला मोठं मन, आणि फुकटात सुटून वर फुशारकी मारली त्याच्यावर राग. अडचण एवढीच, की मतदानाच्या दिवशी हा हिशेब कुठेतरी गहाळ होतो.

१९९३ च्या मेमोरियल डेला क्लिंटन त्या काळ्या भिंतीपाशी बोलायला उभे राहिले. काही माजी सैनिकांनी पाठ फिरवली, काहींनी आरडाओरडा केला. समजण्यासारखं आहे. मग २००४ मध्ये एका बाजूला तीन पर्पल हार्ट, म्हणजे युद्धात जखमी झाल्याची तीन पदकं मिळवलेले केरी आणि दुसऱ्या बाजूला शँपेन युनिटचे बुश. आता पाठ कुणाकडे फिरवायची? बुश यांच्या पक्षाच्या अधिवेशनात काही प्रतिनिधी जखमपट्टीवर जांभळं पदक छापून ती अंगावर चिकटवून आले. केरींच्या जखमा किरकोळ होत्या, असं त्यांना सुचवायचं होतं. एक्झिट पोलप्रमाणे सैन्यात राहिलेल्यांपैकी ५७ टक्क्यांनी बुश यांना मत दिलं, ४१ टक्क्यांनी केरींना. २०१६ मध्ये माजी सैनिकांची साठेक टक्के मतं दुखऱ्या टाचेला गेली. त्या प्रचारात व्हर्जिनियातल्या एका सभेआधी एका माजी सैनिकाने ट्रम्प यांच्या हातात पर्पल हार्ट ठेवलं. ट्रम्प खूश होऊन म्हणाले, हे आपल्याला कायम हवं होतं आणि हा मार्ग बराच सोपा पडला. सभेत टाळ्या पडल्या.

म्हणजे भरती चुकवणं हा गुन्हा ठरतो तो चुकवणारा पलीकडच्या पक्षात असला तर. आपल्या पक्षात असला की तो तरुणपणीचा खोडकरपणा. सामान्य मतदार असं वागतो याचं कुणाला काही वाटत नाही. पण पाय गमावलेल्याने ज्याची टाच दुखत होती त्याला सॅल्यूट ठोकावा, यात पक्षनिष्ठेची कमाल आहे.

अपवाद आहेत आणि ते मॅकेनसारखे, सगळ्यांत जास्त भोगलेले आहेत. डेव्हिड इफ्शिन हा विद्यार्थी नेता १९७० मध्ये हनोईला गेला आणि तिथून त्याने युद्धाविरुद्ध भाषण केलं. ते कैदेतल्या मॅकेनना ऐकवलं गेलं. पुढे दोघांची चक्क मैत्री झाली आणि १९९६ मध्ये इफ्शिन तरुण वयात गेला, तेव्हा अंत्यविधीला मॅकेन बोलले. ११ जुलै १९९५ रोजी क्लिंटन यांनी व्हिएतनामशी राजनैतिक संबंध सुरू केले, तेव्हाही मॅकेन त्यांच्यासोबत उभे होते. भरती चुकवणाऱ्या राष्ट्राध्यक्षाला शत्रूशी हात मिळवायला हनोईच्या कैद्याची पाठराखण लागली. हिशेब मिटवायचा अधिकार कुणाचा, हे मॅकेनना ठाऊक होतं. ज्याचं देणं आहे त्याने तो मिटवायचा नसतो.

आपल्याला काय त्याचं, असं म्हणू नका. न्यू जर्सीत, डॅलसमध्ये गणपतीत ढोल वाजवणारा आपला भाचा अमेरिकी नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक असेल, तर अठरा पूर्ण झाल्यावर त्याचं नाव भरतीच्या नोंदवहीत असावंच लागतं. सक्तीची भरती १९७३ मध्ये थांबली, पण नोंदणी १९८० पासून पुन्हा चालू आहे. ती टाळली तर कागदोपत्री पाच वर्षं कैद आणि अडीच लाख डॉलरपर्यंत दंड. बऱ्याच राज्यांत ड्रायव्हिंग लायसन्सच्या अर्जासोबत नोंदणी परस्पर उरकते. पुण्यात बसून व्हॉट्सअॅपवर अमेरिकेने अमुक देश भाजून काढावा म्हणणाऱ्या मामाला, आपला भाचाही त्याच यादीत आहे, हे बहुधा माहीत नसतं.

स्वतंत्र भारतात सक्तीची भरती कधी नव्हती. सातारा-कोल्हापूरकडची पोरं पहाटे उठून डांबरी रस्त्यावर धावतात ती आपणहून, आणि नोकरीच्या गरजेनेही. तरी दर चार-सहा वर्षांनी कुणीतरी सक्तीच्या लष्करी सेवेची मागणी करतो. मागणाऱ्याचं वय न चुकता भरतीच्या वयोमर्यादेच्या पुढे गेलेलं असतं. २०१८ मध्ये संसदेच्या संरक्षणविषयक स्थायी समितीने शिफारस केली, की केंद्र आणि राज्यांच्या राजपत्रित नोकरीत थेट शिरू पाहणाऱ्यांना पाच वर्षांची लष्करी सेवा सक्तीची करावी. समितीवर सगळे खासदार होते. खासदारकीसाठी अशी अट घालावी, असं मात्र समितीने सुचवलं नाही.